खापर हाती द्यावे

नागपूरच्या चौथीतल्या मुलांना काटोल मार्गावरील जुनापाणीची शिलावर्तुळे, म्हणजे लोहयुगीन माणसांनी दफनांभोवती मोठे दगड गोलाकार मांडून उभारलेली स्मारके, दाखवलीच पाहिजेत, कारण सनावळी पाठ होते, पण प्रश्न सुचतात ते दगडापाशी उभे राहिल्यावर. १८६३ साली स्थापन झालेल्या अजब बंगल्यातील, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील, मूळ वस्तू काचेआड राहणे रास्तच आहे; वर्गात कुंभाराकडची फुटकी खापरे मातीच्या थरांत दडवली तरी पुरे, आणि ती मातीतून ब्रशने हलकेच मोकळी करून, कोणते कोणत्या थरात सापडले याची वहीत नोंद करणाऱ्या मुलाला उत्खननाची व्याख्या वेगळी शिकवावी लागत नाही. इतिहास नाटकातून शिकवायचा, तर राजदरबाराच्या नाट्यीकरणात मुकुट एकालाच मिळतो व बाकीचे भालदार होऊन ताटकळतात. त्यापेक्षा गोंड राजा बख्त बुलंद शाहाने बारा वाड्या जोडून नागपूर वसवले, तो प्रसंग घ्यावा, म्हणजे प्रत्येक गटाला आपली वाडी, आपली विहीर आणि राजापुढे मांडायचे गाऱ्हाणे मिळते.