पडत्या फोनची साक्ष

मोबाईल फोन हातातून निसटून फरशीवर आपटला की घरची माणसे आधी काच पाहतात. त्या क्षणी फोनच्या पोटातील एका इवल्याशा यंत्राने काय नोंदले, हे कोणी विचारीत नाही. आज आम्ही त्याचीच चौकशी करणार आहोत.

या यंत्रास त्वरणमापक म्हणतात. सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. तो किती सरकला यावरून आकडा निघतो. फोन टेबलावर स्वस्थ असता आकडा ९.८ दिसतो, आणि पडू लागताच शून्याजवळ येतो! वाचकांस हे उलटे वाटेल; पण टेबल फोनला खालून रेटून धरते आणि यंत्रास कळतो तो हा रेटाच. पडताना फोन व तो तुकडा एकाच चालीने खाली जातात. कोणी कोणास रेटीत नाही. छपरावरून पडणाऱ्यास स्वतःचे वजन जाणवणार नाही, हा विचार आईन्स्टाईन यांना १९०७ साली सुचला, तो हाच. फोन गरगर फिरत पडला तर मात्र आकडा नेमका शून्य होत नाही.

जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठाने २०१६ साली काढलेले ‘फायफॉक्स’ हे विनामूल्य ॲप घेऊन मुलांस हे घरी पाहता येईल. त्यातील गुरुत्वासह त्वरण दाखविणारा पर्याय निवडावा. हुबळी ही कापसाची जुनी पेठ. तेव्हा जाड गादीस तोटा नसावा! सेकंदास १०० नोंदी होत असून त्यांतील ५० शून्याजवळ आल्या, तर पतन अर्धा सेकंद चालले. वेळेचा वर्ग गुणिले ४.९ केले की उंची सुमारे सव्वा मीटर निघते.

आपटण्याचा आकडा मात्र जपून वाचावा. उंचीस थांबण्याच्या अंतराने भागले की सरासरी धक्का गुरुत्वाच्या किती पट, हे कळते. गादी ५ सेंटीमीटर दबली तर २५ पट. फरशीवर ५ मिलिमीटरांत थांबला तर २५० पट. पुष्कळ फोनांतील यंत्र ८ किंवा १६ पटींपर्यंतच मोजते, म्हणून आलेखाचा शेंडा छाटलेला दिसतो. शिवाय फरशीचा धक्का सेकंदाच्या दोन सहस्रांशांत संपतो. दोन नोंदींमधून तो निसटूनही जाईल. अपघात ओळखण्यासाठी २०२२ च्या आयफोन १४ मध्ये २५६ पटींपर्यंत मोजणारे यंत्र बसविले, ते याचसाठी.

हुबळी-धारवाड रस्त्यावर हेल्मेट आरशास लटकवून जाणारे तरुण आम्ही नित्य पाहतो. त्यांनी हाच भागाकार डोक्यास लावून पाहावा. दीड मीटरवरून डोके दगडावर आदळून ५ मिलिमीटरांत थांबले, तर ३०० पट. हेल्मेटमधील थर अडीच सेंटीमीटर चेपला, तर ६० पट. हा थर एकदा चेपला की पुन्हा पूर्ववत होत नाही; म्हणून जोराने आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे लागते.