पावसाळ्यात बॉल कोंडून ठेवू नका

पाऊस तोंडावर आला की कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम आटोपतो. शाहू स्टेडियम शांत होते, गांधी मैदानात तळे साचते आणि पेठांतली बारा-चौदा वर्षांची पोरे चार महिने बॉलपासून तुटतात. या चार महिन्यांत त्यांना कौशल्याचे शिक्षण द्यावे, एवढीच सूचना काही पालकांनी केली होती. तिला एका जाणत्या गृहस्थांनी बक्षीस समारंभाच्या व्यासपीठावरून उत्तर दिले. खेळाडू सामन्यात घडतो, शंकूंभोवती बॉल फिरवून नाही. आम्हाला कुणी शिकवले होते? खेळ रक्तात असावा लागतो. पावसाळ्यात पोरांना ज्योतिबाचा डोंगर चढवा, दम वाढवा. बाकीचे प्रशिक्षण म्हणजे पालकांचे खिसे कापण्याचा धंदा. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्या पोरांचे बापही होते, म्हणून हे लिहायला बसलो.

‘सामन्यात घडतो’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा बोलले गेले आहे की ते तपासून पाहायचे कुणाला सुचत नाही. आपण तपासू. मुलांचा सामना तासाभराचा धरा. बॉल बाहेर जातो, फाउल होतो, थ्रो-इनला वेळ लागतो. यात निम्मा वेळ सहज जातो. उरली 30 मिनिटे, म्हणजे 1800 सेकंद. खेळणारे 22. प्रत्येकाच्या वाट्याला 81 सेकंद आले, तेही बॉल सतत कुणाच्या तरी पायातच आहे असे मानले तर. तो बराच काळ हवेत असतो किंवा दोघांच्या मधे लोळत असतो, हे मी सोडूनच दिले. आता मुलगा हंगामात 20 सामने खेळला असे समजा, आणि इतके सामने फारच थोड्यांच्या नशिबी असतात. 81 गुणिले 20 म्हणजे 27 मिनिटे. वर्षभरात 27 मिनिटे बॉल पायाशी, आणि एवढ्यावर पोरगा घडला पाहिजे! तबल्याच्या विद्यार्थ्याला कुणी सांगेल का, की रियाज नको, मैफलीतच शीक, वर्षातून 27 मिनिटे हात चालव?

बरे, ती 27 मिनिटे कशी जातात तेही पाहा. दिलबहार असो, पाटाकडील असो, खंडोबा असो, तालमीचा संघ हरला तर पेठेत तोंड दाखवायची सोय नसते. मोठ्यांची ही ईर्ष्या पोरांच्या सामन्यातही उतरते. काठावरून सारखे ओरडणे चालू असते: मार, लांब मार, काढ बाहेर! उजव्या पायाच्या पोराला बॉल डाव्या पायावर आला की तो वळून उजव्यावर घेतो, कारण डाव्याने चुकला तर शिव्या बसतील. तेवढ्या वळण्यात समोरचा अंगावर येतो आणि बॉल जातो. सामना त्याला काय शिकवतो? चूक लपवायला शिकवतो. जे आधीच येते तेच पुन्हा करायला शिकवतो. नवे काही शिकायचे तर शंभरदा चुकायची मोकळीक लागते, आणि स्कोअर चालू असताना ती कुणी देत नाही. पंधराव्या वर्षापर्यंत एकाच पायावर खेळलेला मुलगा पंचविसाव्या वर्षीही एकाच पायावर खेळतो. असे गुणी खेळाडू आपल्या स्टेडियममध्ये डझनांनी दाखवता येतील. त्यांचा डावा पाय कुणी शिकवलाच नाही.

आणि हे कोल्हापुरात सांगावे लागते, याचे दुःख अधिक आहे. आपले संघ स्वतःला तालीम म्हणवतात. तालीम या शब्दाचा अर्थच शिक्षण. ज्या तालमींच्या नावाने आपण फुटबॉल खेळतो तिथल्या हौद्यात पैलवान ढाक, धोबीपछाड, एकलंगी कसे शिकत आला? खासबागेत हजारो लोकांसमोर पहिल्यांदा लावून? एकेक डाव जोडीदारावर शेकडो वेळा घोटवायचा, वस्ताद पायाचा कोन बोटभर सुधारणार, पुन्हा लावायचा. मैदानात दिसतो तो डाव तालमीत मुरलेला असतो. कुस्तीला जो न्याय शतकभर लावला तो फुटबॉलला लावताना आपल्या जाणत्यांना शंकूंची लाज का वाटते, हे मला समजत नाही.

‘आम्हाला कुणी शिकवले होते?’ याचे उत्तर असे की कुणी शिकवले असते तर तुम्ही पुढे गेला असता. हे उद्धटपणाने म्हणत नाही, हळहळीने म्हणतो. अनवाणी पिढीचे दाखले देणाऱ्यांनी 1948चे लंडन ऑलिंपिक आठवावे. बहुतेक अनवाणी खेळलेला आपला संघ फ्रान्सशी 2-1 हरला आणि त्या सामन्यात आपण दोन पेनल्टी दवडल्या. थांबलेला बॉल, समोर एकटा गोलरक्षक. तिथे रक्त कामाला आले नाही.

डोंगर चढायला माझी ना नाही, पण ओल्या डांबरी रस्त्यावर वाढत्या वयाची पोरे मैलोन्‌मैल पळवली की नडग्या आणि गुडघे धरतात, आणि ऑक्टोबरमध्ये तीच पोरे लंगडत मैदानात येतात. खिसे कापणारे आहेत, हे खरे; म्हणूनच हे काम तालमींनी हाती घ्यावे. पोरांचा अभ्यास बुडेल असे कुणी म्हणेल, पण मी मागतो आहे ते आठवड्यातले फक्त तीन तास.

    

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. हंगाम संपल्यावर दोन-तीन आठवडे मुलांना पूर्ण विश्रांती द्या. ती हक्काची आहे. मग सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून तीन दिवस एक तास. जागा म्हणजे तालमीचा हॉल, शाळेची पडवी, पत्र्याची शेड, काहीही चालेल. मैदान नाही ही अडचण समजू नका. फुटसाल हा खेळ 1930च्या सुमारास उरुग्वेत मोंटेव्हिडिओला अशाच बंदिस्त जागेत जन्मला, आणि ब्राझीलच्या कित्येक खेळाडूंचे पाय त्यावरच तयार झाले. लहानांना चार नंबरचा बॉल द्या. भिंतीवर पास, आलेला बॉल एका स्पर्शात मेलेला, डावा पाय, पुन्हा डावा पाय. तासात पाचशे स्पर्श अवघड नाहीत. चौदा आठवड्यांत 21 हजार होतात.

यात माझे नवे काही नाही. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांनी कमजोर पायानेच खेळायच्या आणि ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या होत्या. त्यांच्याच हाताखाली भारत 1956च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 साली जकार्तात आशियाई सुवर्णपदक घेऊन परतला. त्या माणसाला मुलांच्या डाव्या पायाची काळजी होती.

तालमीच्या कारभाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. जूनअखेरपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सहा ते सात हॉल मुलांसाठी उघडा ठेवा. शिकवायला तयार असलेले जुने खेळाडू प्रत्येक पेठेत आहेत आणि बॉल पोरांकडे आहेत. तुम्ही फक्त किल्ली द्या.