केसपेपर मोफत, औषध विकत

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील केसपेपर, तपासण्या व उपचार यांचे शुल्क रद्द केले, हे योग्यच झाले. असले शुल्क रकमेने लहान असले तरी तो आजारपणावरचा कर असतो. ब्रिटनमध्ये चष्मे व कवळ्या यांवर आकार बसविण्याच्या प्रश्नावरून १९५१ साली अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले, ते याच भूमिकेतून.

परंतु पाचलहून एस.टी.ने राजापूरच्या ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या वृद्धेचा हिशेब केसपेपरपाशी संपत नाही. रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्या तिला जन्मभर घ्यावयाच्या असतात. रुग्णालयातील साठा संपला की तिच्या हाती बाहेरची चिठ्ठी पडते, आणि माफ झालेल्या शुल्काच्या कितीतरी पट रक्कम औषधाच्या दुकानात मोजावी लागते. मुंबईच्या चाकरमान्याकडून पैसे येत असतील तर ठीक. नसतील तर गोळी दिवसाआड होते.

अशा वेळी जनऔषधी दुकानांकडे बोट दाखविले जाते. केंद्र शासनाने २००८ साली सुरू केलेल्या या योजनेत औषधे मूळ नावाने व पुष्कळ स्वस्त मिळतात, हे मान्य केले पाहिजे. पण ही दुकाने बहुतांशी खाजगी चालकांचीच आहेत, आणि स्वस्त झाले तरी औषध विकतच घ्यावे लागते. शिवाय डॉक्टरांनी चिठ्ठीवर कंपनीचे नाव लिहिले की रुग्णाची निवड तेथेच संपते. व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत, असे हाथी समितीने १९७५ सालीच सुचविले होते! उलट २०१३ च्या आदेशाने कमाल किंमत उत्पादनखर्चावरून न ठरविता बाजारातील किमतींच्या सरासरीवरून ठरविण्याचा प्रघात पाडला; म्हणजे ज्या महाग छापांना आवर घालावयाचा, त्यांच्याच किमती नियंत्रणाचे माप झाल्या.

तामिळनाडूने १९९४ साली स्वतंत्र महामंडळ स्थापून एकत्रित खरेदी, जिल्हावार गोदामे व साठ्याची चोख नोंद यांची घडी बसविली. महाराष्ट्राने खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला तो २०२३ मध्ये. कायद्याने गोळी रुग्णालयात पोहोचत नाही. त्यासाठी वेळेवर निधी लागतो, आणि स्थानिक दडपणही. नाथ पै व मधु दंडवते यांना लोकसभेत पाठविणाऱ्या या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी रुग्णालयाच्या दारात औषधसाठ्याचा फलक रोज लावण्याची मागणी करावी, आणि बाहेर लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांची नोंद महिनाभर स्वतः ठेवून ती जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे मांडावी.