बालवाडीसाठी विद्यापीठ कशाला?

महाराष्ट्रात पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या शिक्षिकेला अध्यापनाची पदविका लागते आणि शिक्षक पात्रता परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. त्याच मुलाला एक वर्ष आधी शिकवणाऱ्या बाईंवर मात्र यांपैकी कशाचीच सक्ती नसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दिलेला हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो, आणि तीन ते सहा या वयोगटाबद्दल त्याचे अकरावे कलम शासनाला व्यवस्था ‘करता येईल’ एवढेच सांगून थांबते. तरीही दोष एकट्या कायद्याचा नाही, कारण समाजात आधीपासून रुजलेल्या समजुतीलाच त्याने कलमाचे रूप दिले. लहान मुलांना सांभाळायला माया, संयम आणि चार बडबडगीते पुरतात, त्यासाठी विद्यापीठात तीन-चार वर्षे घालवणे म्हणजे निव्वळ अपव्यय, अशी ही समजूत आहे. तिच्या पाठीराख्यांचे सगळेच युक्तिवाद पोकळ नाहीत, म्हणून त्यांचा क्रमाने विचार करणे योग्य ठरेल.

सर्वांत आदराने पुढे केला जातो तो परंपरेचा दाखला. गिजुभाई बधेका वकील होते, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत व पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे उभे केले ते कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून आले नव्हते, मग त्यांच्या वारसांना तरी पदवी कशाला, असा हा युक्तिवाद आहे. यात सत्य आहे, पण अर्धेच. ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या आणि राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाचा अनुभव गाठीशी घेऊन भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. गिजुभाई बालशिक्षणाकडे वळले त्यात मॉन्टेसरींच्या ग्रंथवाचनाचा मोठा वाटा होता, आणि मॉन्टेसरी स्वतः १८९६ मध्ये रोम विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतलेल्या व पुढे तेथेच मानवशास्त्र शिकवणाऱ्या विदुषी होत्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या मंडळींनी बालमंदिरापाठोपाठ अध्यापन मंदिर काढले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला आणि पालक-शिक्षकांसाठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली. मायेवर भागत असते तर एवढा खटाटोप त्यांनी कशासाठी केला असता? महागड्या मॉन्टेसरी साधनांऐवजी ताराबाईंनी पाड्यावर शंख-शिंपले, बिया, पाने वापरली याचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. परंतु लाकडी ठोकळ्याच्या खाचांत बसणारे कमीअधिक जाडीचे दंडगोल मुलाच्या नजरेला आणि बोटांना नेमके काय शिकवतात हे ज्याला उमगले आहे, त्यालाच त्यांच्या जागी दुसरी वस्तू निवडता येते. साधेपणामागचा हा अभ्यास वगळून त्यांच्या साधेपणाचा दाखला देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मायेच्या युक्तिवादाची खरी परीक्षा मूल चुकते तेथे होते. चार वर्षांचे मूल पाच चिंचोके एकेकाला बोट लावून बिनचूक मोजते; ‘एकूण किती झाले?’ असे विचारताच ते ‘पाच’ न म्हणता पुन्हा एकपासून मोजू लागते, आणि ‘मला तीन चिंचोके दे’ म्हटले की मूठभर उचलून पुढे करते. प्रेमळ पण अप्रशिक्षित बाई एक तर पहिल्या मोजणीवर शाबासकी देऊन पुढच्या पाठाकडे वळतील, नाही तर मुलाला अजून येत नाही म्हणून शंभरापर्यंतची उजळणी पाठ करून घेतील, आणि या दोन्ही उपायांचा मुलाच्या अडचणीशी काहीही संबंध नसेल. रोशेल गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मोजण्यामागची तत्त्वे वेगळी करून दाखवली आहेत. संख्यानामांचा ठरलेला क्रम आणि एका वस्तूला एकच नाव ही एकास-एक संगती या मुलाला साधली आहे. मोजणीतले शेवटचे नाव संपूर्ण समूहाची संख्या सांगते हे मूल्यतत्त्व अद्याप साधलेले नाही. ही अवस्था ओळखणारी बाई उजळणीच्या नादी लागत नाही. ती दोन-तीन वस्तूंचे खेळ मांडते, वाटायला आणि द्यायला लावते, आणि थांबते. हे थांबणे मायेतून येत नाही. माया असलेल्या आईबापांनाच तर शंभरापर्यंतच्या आकड्यांची सर्वाधिक घाई असते.

मराठी मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण आपण दशक आधी लिहितो आणि एकक आधी बोलतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ही संख्या ‘वीस एक’ अशी वाचण्याची पद्धत सुचवली गेली तेव्हा विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला, आणि त्या बदलाची बाजू मांडणाऱ्या मंगला नारळीकर यांचे म्हणणे थट्टेत बुडून गेले. नवी पद्धत बरोबर की जुनी, हा येथे मुद्दा नाही. सहा-सात वर्षांचे मराठी मूल कोणत्या संख्येपाशी, कोणत्या कारणाने अडखळते हा निरीक्षणाने सुटणारा प्रश्न आहे. तो अस्मितेने सुटत नाही आणि विनोदाने तर नाहीच.

आता अधिक बळकट आक्षेपाकडे वळणे भाग आहे. अमेरिकेतील सात मोठ्या अभ्यासांची सामग्री एकत्र तपासून २००७ मध्ये संशोधकांच्या एका गटाने असा निष्कर्ष काढला की शिक्षिकेची पदवी आणि वर्गाचा दर्जा किंवा मुलांची प्रगती यांत सातत्याने दिसणारा संबंध आढळत नाही. भारतातही तमिळनाडूतील ३२० अंगणवाड्यांवर झालेल्या प्रयोगात अर्धवेळ काम करणारी एक जादा कार्यकर्ती नेमल्यावर शिकण्याच्या प्रत्यक्ष वेळेत दुपटीने वाढ झाली आणि मुलांचे गणित व भाषा सुधारली. या कार्यकर्त्या काही विद्यापीठात बालशिक्षण शिकून आलेल्या नव्हत्या. हे दोन्ही निष्कर्ष मान्य करावेत. पहिल्यातून एवढे सिद्ध होते की ‘पदवीधर’ या शिक्क्याखाली फार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि ती पदवी कोणत्या विषयाची होती व ती मिळवताना विद्यार्थिनी मुलांमध्ये किती काळ बसली होती हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे ३,००० मुलांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासात मात्र कर्मचाऱ्यांची, विशेषतः केंद्रप्रमुखांची, अर्हता जेथे वरची होती तेथे दर्जाही वरचा आढळला. दुसऱ्या निष्कर्षातून सिद्ध होते ते असे की आहार, वजन, गृहभेटी आणि भ्रमणध्वनीवरच्या नोंदी यांत बुडालेल्या सेविकेला शिकवायला वेळच उरत नाही. त्या वाचलेल्या वेळात काय करावे हा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो सर्वांत गंभीरपणे घ्यायला हवा. पदवीची अट घातली तर पाड्यावरची सेविका बाहेर पडेल आणि तिच्या जागी पाड्याची बोली न जाणणारी शहरी पदवीधर येईल. शिवाय सेविकेच्या पदरी वेतन नाही, ‘मानधन’ आहे, आणि मानधनावर पदवी मागणे ही क्रूर थट्टा होय. आक्षेप बरोबर आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. आशा कार्यकर्तीला वैद्यकीय पदवी लागत नाही म्हणून वैद्यकीय महाविद्यालये बंद करा असे कोणी म्हणत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षाची पदविका सुचवली, तीही दूरचित्रवाणी वाहिन्या आणि स्मार्टफोन यांच्या मार्फत. हा अभ्यासक्रम लिहिणार कोण, मुख्यसेविकांना तयार करणार कोण, आणि सेविकेने विचारलेल्या अडचणीला उत्तर देणार कोण? ही माणसे घडवणारा विभाग विद्यापीठात नसेल तर प्रशिक्षणाच्या नावाखाली तक्ते आणि घोषवाक्ये तेवढी खाली झिरपतील.

येथे विद्यापीठांचे माप त्यांच्याही पदरात घालायला हवे. आपल्याकडे हा विषय मुख्यतः गृहविज्ञानाच्या दाराने आत आला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात किंवा मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात त्याला घर मिळाले ते ‘मानवी विकास’ या शाखेखाली. शिक्षणशास्त्राचे विभाग माध्यमिक शिक्षक घडवण्यात गुंतले आणि सहा वर्षांखालील मूल हा बायकांचा विषय म्हणून बाजूला राहिले. त्यातल्या त्यात गृहविज्ञानाने एक गोष्ट जपली. बडोद्याच्या विभागाला स्वतःची चेतन बालवाडी आहे, जिथे सिद्धान्त शिकणारी विद्यार्थिनी त्याच आवारात मुलांचे निरीक्षण करू शकते. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठातील बालशिक्षण केंद्राने असर आणि युनिसेफ यांच्यासह आसाम, राजस्थान व आंध्र-तेलंगणातील सुमारे १४,००० मुलांचा काही वर्षे मागोवा घेतला आणि २०१७ मध्ये दाखवून दिले की मुले अंगणवाडी, खाजगी नर्सरी आणि पहिलीचा वर्ग यांत वयाच्या हिशेबाशिवाय ये-जा करतात, आणि पहिलीत पोचतात तेव्हा त्या अभ्यासक्रमासाठी पुरेशी तयार नसतात. हे काम मायेने झाले नसते, आणि सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रानेही नाही.

म्हणून मागणी पदवीच्या कागदाची नसून विशिष्ट प्रकारच्या अभ्यासाची आहे. चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक-प्रशिक्षणात आता तीन ते आठ वयोगटाचा पायाभूत स्तर हा पर्याय आला आहे. त्यात पहिली-दुसरीच्या पाठनियोजनाखाली तीन वर्षांचे मूल पुन्हा दिसेनासे होण्याचा धोका उघड आहे. तो टाळायचा तर विद्यार्थिनीने एकाच अंगणवाडीत सलग वर्षभर ठरावीक मुलांच्या नोंदी ठेवाव्यात, विभागाची स्वतःची बालवाडी असावी, आणि दहा-पंधरा वर्षे काम केलेल्या सेविकेला तिच्या अनुभवाचे श्रेयांक देऊन पदवीच्या वाटेवर मधूनच प्रवेश मिळावा. तिच्याजवळ जे आहे ते विभागांजवळ नाही: मेळघाटातले कोरकू, गडचिरोलीतले गोंडी किंवा पालघरमधले वारली बोलणारे मूल मराठी अंक आणि मराठी गोष्ट यांपाशी कोठे गप्प होते हे तिने रोज पाहिलेले असते. वजन, उंची, हजेरी आणि आहार यांच्या रकान्यांत त्या गप्प होण्याला जागा मिळणे कठीण आहे. ती नोंद कशी घ्यायची, एका मुलाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीशी कशी ताडायची आणि त्यावरून उद्याचा खेळ कसा बदलायचा, हे तिच्यासोबत बसून ठरवणे हे विद्यापीठीय बालशिक्षण विभागाचे पहिल्या वर्षाचे काम होऊ शकते.