शेवटच्या नावाचा प्रश्न

‘थोडा धीर धरा, आकडे आपोआप सुधारतील.’ वैद्यकीय संशोधनात स्त्रियांची नावं कमी का, असं विचारलं की हे उत्तर मिळतं. ते अगदीच पोकळ नाही, म्हणूनच त्याचा नीट समाचार घेतला पाहिजे.

पूर्वपक्षाकडे पुरावा आहे. रेश्मा जागसी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये अमेरिकेतल्या सहा नामांकित नियतकालिकांचा हिशेब मांडला. 1970 मध्ये तिथल्या डॉक्टर-लेखकांत प्रथम लेखक म्हणून स्त्रिया 5.9 टक्के होत्या, 2004 मध्ये 29.3. मग तक्रार कसली? तक्रार त्याच लेखातल्या दुसऱ्या रकान्यात आहे. शेवटचं नाव स्त्रीचं असण्याचं प्रमाण 3.7 वरून 19.3 वरच पोचलं होतं. वैद्यकाची पंगत उलटी असते : शेवटच्या पानावर बसतो तो यजमान. प्रयोगशाळा त्याची, अनुदान त्याचं.

बरं, पहिल्या नावाची चढण तरी चालू राहिली का? सहा मोठ्या सर्वसाधारण वैद्यकीय नियतकालिकांची पाहणी 2016 मध्ये ‘बीएमजे’त आली. 1994 मधले 27 टक्के 2014 पर्यंत 37 झाले, पण शेवटच्या काही वर्षांत वाढ थबकली आणि काही ठिकाणी उतरली. काळ हे औषध असतं, तर डोस चालू असताना गुण का थांबला?

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे : संपादक आणि परीक्षक पक्षपात करत नाहीत. हे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. 145 नियतकालिकांवरच्या 2021 च्या मोठ्या अभ्यासात स्त्रियांच्या लेखांना परीक्षणात वाईट वागणूक मिळाल्याचं दिसलं नाही. पण त्यातून सिद्ध काय होतं? एवढंच, की गळती नियतकालिकाच्या दारात नाही, त्याच्या कितीतरी आधी आहे. अमेरिकी विद्यापीठांतल्या संशोधन-गटांवरचा ‘नेचर’मधला 2022 चा अभ्यास तेच सांगतो : गटात काम करूनही लेखावर नाव लागण्याची स्त्रियांची शक्यता पुरुषांहून सुमारे 13 टक्क्यांनी कमी. जो लेख तिच्या नावाने पोचलाच नाही, त्याचं परीक्षण कितीही निःपक्ष असलं तरी तिला काय उपयोग?

‘गुणवत्ता पाहा, स्त्री-पुरुष नको’ म्हणणाऱ्यांनी कॅनडाचं उदाहरण पाहावं. तिथल्या आरोग्य-संशोधन संस्थेने 2014 मध्ये अनुदानाच्या दोन वाटा केल्या. एकीत प्रकल्प तपासायचा, दुसरीत मुख्यतः संशोधक किती मोठा ते. ‘लॅन्सेट’मधल्या 2019 च्या विश्लेषणानुसार पहिल्या वाटेवर स्त्री-पुरुषांच्या यशातला फरक 0.9 टक्के-बिंदू, दुसऱ्या वाटेवर 4. प्रस्तावातल्या विज्ञानाकडे बोट दाखवलं तेव्हा दरी जवळजवळ मिटली, माणसाच्या थोरवीकडे दाखवलं तेव्हा रुंदावली. गुणवत्तेच्या नावाखाली तिथे मोजलं काय जात होतं, हे वाचकांनीच ठरवावं. आणि आज हुकलेलं अनुदान म्हणजे उद्याचं हुकलेलं शेवटचं नाव.

मग करायचं काय? राखीव पानं मागणं मला पटत नाही. त्याने पहिल्याच दिवशी नावाला शंका चिकटेल. मागणी साधी आहे. नावांचा क्रम काम सुरू होतानाच लेखी ठरावा आणि काम बदललं तर बदलावा. अनुदान देताना आधी प्रकल्प वाचला जावा. आणि संपादकांनी निमंत्रण देऊन लिहवून घेतलेल्या भाष्यांची यादी दरवर्षी छापावी, कारण तिथे ‘लेखच आले नाहीत’ ही सबब चालत नाही.

फुकट मिळणाऱ्या लेखकपदाबद्दल तर नवा नियमही नको. नुसती देखरेख केली किंवा निधी आणला म्हणून कुणी लेखक ठरत नाही, असं वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने कधीच लिहून ठेवलंय. आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांतही बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात, तेव्हा हा नियम परका नाही. फक्त तो एचओडींना वाचून दाखवायचा कुणी? ज्या रेसिडेंटने तो वाचलाय, तिच्या थिसिसवर सही त्यांचीच लागते.