पेट्रोलचा वास अंगवळणी पाडून घेऊ नका!

कारमालक, चालक, गॅरेजवाले, पंपावरचे कर्मचारी आणि सोसायट्यांचे पदाधिकारी, सर्वांना कळकळीचं आवाहन.

उभ्या गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर ती गाडी आजच तपासायला द्या. ‘गाडी जुनी झाली, थोडाफार वास यायचाच’ असं म्हणत दिवस ढकलू नका. धडधाकट पेट्रोल गाडीला वास येत नाही, मग ती दोन वर्षांची असो की बारा. वास येतो म्हणजे कुठून तरी पेट्रोल किंवा त्याची वाफ बाहेर पडते आहे. ती जागा सापडेपर्यंत शोध थांबवायचा नाही, एवढंच या आवाहनाचं मागणं आहे.

घाई का, तेही सांगायला हवं. पेट्रोल थंडीतसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. वैशाखात, विदर्भात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा तर टाकीतली वाफ झपाट्याने वाढते. ही वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत साचते. बेसमेंटचं पार्किंग, बंद गॅरेज, सर्व्हिसिंगचा खड्डा या तिच्या ठरलेल्या जागा. हवेत साधारण दीड टक्का वाफ मिसळली की एक ठिणगी पुरते. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझिन असतं. बीएस-६ पेट्रोलमध्ये त्याला १ टक्क्यापर्यंत मुभा आहे, आणि बेंझिनमुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. मुलांना मागच्या सीटवर बसवून काचा वर करून आपण निघतो, तेव्हा गाडीत येणारा तो वास त्यांच्या फुप्फुसात जात असतो. बाहेर सुटलेली वाफ उन्हात इतर धुराशी मिळून जमिनीलगतचा ओझोन तयार करते, तो दमेकऱ्यांच्या जिवावर उठतो.

ही वाफ अडवायची सोय प्रत्येक पेट्रोल गाडीत असते. टाकीतली वाफ एका नळीतून कोळशाच्या डब्यात जाते. त्याला गॅरेजमध्ये कॅनिस्टर म्हणतात. आतला सक्रिय कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन गरम होऊन चालू लागलं की संगणक पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनच्या ओढीने ती वाफ आत खेचली जाते आणि जळून जाते. तिच्या जागी डब्याच्या व्हेंटमधून ताजी हवा येते. टाकीचं झाकण, नळ्या, डबा, पर्ज व्हॉल्व्ह आणि व्हेंट, एवढाच हा संसार. बिघाड शोधायचा तो याच पाच जागी.

दिवा लागला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अमेरिकेतल्या गाड्या ही यंत्रणा स्वतः तपासतात आणि अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राचीही तक्रार करतात. आपले नियम युरोपच्या वळणाचे आहेत. त्यात पर्ज व्हॉल्व्हची वायरिंग शाबूत आहे का, एवढं पाहणं किमान सक्तीचं. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक गाड्यांत नळीला चीर गेली तरी चेक इंजिनचा दिवा पेटत नाही. पीयूसीवरही विसंबू नका. ती चाचणी सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराची असते; टाकीजवळून सुटणारी वाफ तिथे मोजली जात नाही.

म्हणून या खुणा ओळखा. पेट्रोल भरून निघताना गाडी लवकर सुरू होत नाही, सुरू झाली तरी घुटमळते, सिग्नलला बंद पडते: पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असण्याची दाट शक्यता. पंपावर टाकी रिकामी असूनही नोझल पुन्हा पुन्हा कट होतं: वाफ बाहेर जायची वाट तुंबली आहे. झाकण उघडताना थोडा ‘फुस्स’ आवाज येणं नेहमीचं आहे, पण प्रत्येक वेळी झाकण जोर लावून सोडवावं लागत असेल तर व्हेंट बंद आहे. सकाळी पार्किंगमध्ये, मागच्या चाकाजवळ वास येतो: डबा किंवा नळी. वास फक्त बॉनेटपाशी येत असेल तर पर्जच्या नळीबरोबर इंजेक्टर आणि पेट्रोलची मुख्य लाइनही तपासून घ्या. सीएनजी गाडीवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. सीएनजीला मुद्दाम सडक्या अंड्यासारखा वास दिलेला असतो. तसा वास आला तर तो गॅसगळतीचा आहे; सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि अधिकृत केंद्राला बोलवा.

थेंब गळताना दिसले, तर मात्र तपासणीच्या भानगडीत पडू नका. गाडी सुरू करू नका, लाइटची बटणं दाबू नका, माणसं लांब करा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.

मालकाने घरी करण्यासारखी तपासणी साधी आहे. झाकण काढून आतली रबरी रिंग बघा. ती चिरली, कडक झाली, तिच्यावर माती बसली असेल तर झाकण बदला, आणि तेही त्याच मॉडेलचं घ्या. खटखट आवाज येईपर्यंत आवळा. दिवा झाकणामुळे लागला असेल तर तो लगेच विझत नाही, काही दिवस गाडी चालल्यावर जातो. यापुढचं काम माहीतगार हातांचं.

गॅरेजमधल्या बंधूंनो, आता तुमच्याशी. स्कॅनर लावून कोड उडवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आधी कोड लिहून घ्या, त्या क्षणाची नोंद साठवा, मग हात घाला. पी०४४३, पी०४४४, पी०४४५ हे पर्ज व्हॉल्व्हच्या विजेच्या जोडणीचे. तिथे वायर, कनेक्टर आणि कॉइल मल्टीमीटरने बघा. वायर उंदरांनी कुरतडलेली असणं आपल्याकडे रोजचं. पी०४४१ म्हणजे वाफेचा प्रवाह चुकीचा, पी०४४६ म्हणजे व्हेंटच्या मार्गाची तक्रार, पी०४४२ आणि पी०४५५ म्हणजे लहान आणि मोठी गळती. कोड बिघाडाची दिशा सांगतो, सुटा भाग सांगत नाही. त्यामुळे कोड पाहून थेट कॅनिस्टर बदलायला सांगू नका, गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात आणि वास तसाच राहतो.

पर्ज व्हॉल्व्ह सोडवून हातात घ्या. वीज नसताना तो बंद असला पाहिजे; हातपंपाने हवा लोटली तर पलीकडे जाता कामा नये. १२ व्होल्ट दिले की ‘टक’ आवाज येऊन वाट मोकळी झाली पाहिजे. तोंडाने फुंकू किंवा ओढू नका. आत कोळशाची काळी भुकटी दिसली तर डबा आतून फुटला आहे. नुसता व्हॉल्व्ह बदलून भागणार नाही, नळ्याही साफ कराव्या लागतील. डब्याच्या नळीत ओलं पेट्रोल सापडलं तर कोळसा भिजला आहे. व्हेंटचं तोंड गाडीच्या पोटाखाली असतं. तिथे चिखल बसतो, आणि महिनोन्महिने उभ्या गाडीत कुंभारमाशी मातीचं घर बांधते. नव्या डब्याची ऑर्डर देण्याआधी टॉर्च घेऊन ते तोंड जरूर बघा.

गळती शोधायला धुराचं यंत्र हाच खात्रीचा मार्ग. पण दाब १ पीएसआयच्या आतच ठेवा आणि शक्यतो नायट्रोजनवर चालवा. टायरमध्ये ३० पीएसआयच्या वर हवा असते. टायरचा कंप्रेसर या नळ्यांना थेट लावला तर टाकी आणि डबा दोन्ही फाटतील. काडी, लायटर, पेटती उदबत्ती लावून गळती शोधायची कल्पनाही करू नका. नळी काढून तिच्या तोंडात बोल्ट ठोकून ‘बायपास’ करणं आजपासून बंद करा. त्याने दिवा विझेल, वाफ मात्र दुसरी वाट काढेल.

पंपावर उभ्या असलेल्या सर्वांना हात जोडून विनंती: ऑटो कट झालं की थांबा. ‘राउंड फिगर करा’ म्हणून वर भरलेलं पेट्रोल वाफेच्या नळीतून कोळशाच्या डब्यात उतरू शकतं. डबा वाफेसाठी आहे, ओल्या पेट्रोलसाठी नाही, आणि असा भिजलेला कोळसा पुढे वाफ नीट धरत नाही. गिऱ्हाइकाने सुटे पैसे सोडावेत, ऑनलाइन भरावेत. कर्मचाऱ्याने नम्रपणे नकार द्यावा आणि पंपचालकाने त्याच्या पाठीशी उभं राहावं.

सोसायट्यांनी बेसमेंटचे पंखे चालू आहेत ना, हे या आठवड्यात बघून घ्यावं. ज्या गाडीपाशी वास येतो तिच्या मालकाला त्याच दिवशी कळवावं, आणि त्याने तो आपला अपमान समजू नये. वाहनशास्त्र शिकवणाऱ्या आयटीआयच्या शिक्षकांनी पोरांना हे पाच भाग प्रत्यक्ष सोडवून दाखवावेत. परिवहन विभागाला मागणी आहे, की फिटनेसला येणाऱ्या प्रत्येक पेट्रोल गाडीचं झाकण, नळ्या आणि डबा डोळ्यांनी तपासण्याची सक्ती व्हावी. त्याला महागडं यंत्र लागत नाही.

आज गाडीपाशी गेलात की दार उघडण्याआधी एक फेरी मारा. झाकणापाशी, मागच्या चाकापाशी, बॉनेटपाशी वास घ्या. वास आला तर गॅरेजला फोन करा, आणि ‘कोड उडवा’ म्हणू नका, ‘गळती शोधून दाखवा’ म्हणा. जुना भाग मागून घ्या, काय बिघडलं होतं ते बिलावर लिहून घ्या. वास थांबला तरच पैसे द्या.