कुत्र्याचा कान आणि उरलेली बाटली

बंगळूरच्या दक्षिणेस, तमिळनाडूच्या सीमेजवळ आनेकल हे तालुक्याचे गाव आहे. एकीकडे नाचणीची शेते, दुसरीकडे कारखाने व नव्या वसाहती. अशा ठिकाणी कुत्रा राखणीलाही असतो आणि हौसेलाही. तो डोके झटकू लागला, कानाला दुर्गंध येऊ लागला, की आनेकलात काय किंवा पुण्यात काय, पुष्कळ मालक मागच्या वेळची उरलेली बाटली शोधतात. ही सवय सुटली पाहिजे. मात्र दोष एकट्या मालकाचा नव्हे.

कुत्र्याची कर्णनलिका प्रथम खाली उतरते व मग आत वळते, त्यामुळे तीत मळ व ओल सहज साचते. तेथे वाढतात ते सारे जीवाणूच असतात असे नाही. पुष्कळदा ती मॅलेसेझिया नावाची यीस्ट असते, आणि तिच्यावर प्रतिजैविकाची मात्रा चालत नाही. शिवाय दुखण्याचे मूळ बहुधा निराळेच असते : त्वचेची अ‍ॅलर्जी, कानात शिरलेले सूक्ष्म किडे, क्वचित गवताचे एखादे कुसळ. ते मूळ तसेच ठेवून थेंब घातले, तर कान काही दिवस बरा दिसतो आणि पुन्हा वाहू लागतो. प्रत्येक फेरीत औषधाला बळी पडणारे जंतू मरतात व न जुमानणारे मागे उरतात. स्यूडोमोनस हा जंतू तर मुळातच अनेक औषधांना दाद देत नाही. कुत्र्याच्या त्वचेवरील एका स्टॅफिलोकॉकसचे मेथिसिलिनला न जुमानणारे वाण अनेक देशांत आढळले असून ते क्वचित माणसालाही बाधतात.

कानातील स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयास काही मिनिटेच लागतात. ही तपासणी थेंब लिहून देण्यापूर्वीच व्हावयास पाहिजे. कर्णपटल शाबूत आहे की नाही, हेही तेव्हाच पाहावे. ते फाटलेले असल्यास जेंटामायसिनसारख्या औषधाने बहिरेपण येऊ शकते. जंतूंची संवर्धन-चाचणी मात्र दर वेळी हवीच, हा आग्रह अनाठायी होय. थेंबांवाटे कानात पोचणारे औषध रक्तातील प्रमाणाहून कितीतरी पट तीव्र असते, आणि प्रयोगशाळेने निष्प्रभ ठरविलेले औषधही कधी तेथे लागू पडते. हट्टी दुखण्यासाठी ती चाचणी राखून ठेवावी.

पेनिसिलिनच्या अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, हा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात दिला होता. भारतात मार्च २०१४ पासून काही प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांस बंधनकारक आहे. कपाटातील अर्धी बाटली मात्र कोणत्याच नोंदवहीत येत नाही.